चिखल, चीक आणि कणीक: लहान मुलांच्या पसाऱ्याच्या खेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची बालवाडी जळगाव जिल्ह्यात, चोपड्याकडच्या एका गावात आहे. अडीच ते सहा वर्षांची मुलं येतात. बहुतेक कापूस आणि केळीवाल्यांची, काही मजुरांची, दोन-चार नोकरदारांची. जूनमध्ये नवी मुलं आली की पहिल्या आठवड्यात आई-वडील फाटकाशी थांबतात, कारण मूल घरी गेलेलं असतं ते कोपरापर्यंत चिखल घेऊन. दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि ते रास्तच असतात. घाईघाईत फाटकाशी दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

पसाऱ्याचा खेळ म्हणजे नेमकं काय?

माती, पाणी, वाळू, कणीक, राख, रंग, पालापाचोळा असल्या वस्तूंशी मूल हातांनी, पायांनी, कधी अख्ख्या अंगाने खेळतं तो खेळ. त्यात शेवटी काही तयार झालंच पाहिजे असं नसतं. मूल ओततं, कालवतं, थापतं, मोडतं आणि पुन्हा तेच करतं. आपल्याला एकच गोष्ट पंचवीस वेळा केलेली दिसते. नीट बघाल तर तिसऱ्या वेळी पाणी कमी घातलेलं असतं आणि दहाव्या वेळी हात बदललेला असतो.

आमच्या आवारातला एक प्रसंग सांगते. एका मुलाला आजोबांनी अहिराणीत विचारलं, "काय करी ऱ्हायना रे भो?" मान वर न करता तो म्हणाला, "गारा करी ऱ्हायनू," म्हणजे चिखल करतोय. काम चालू आहे, बोलवू नका, अशा सुरात. आजोबा तिथेच उकिडवे बसले आणि बघत राहिले. मला ते फार आवडलं.

यात अभ्यास कधी होणार? माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, अजून पेन्सिल धरत नाही.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. नवजात बाळाच्या एक्स-रेमध्ये ती बहुधा दिसतच नाहीत, कारण तेव्हा ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. पहिल्या काही महिन्यांत एक-दोन दिसू लागतात आणि आठवं दिसायला साधारण आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. हाताची पकडही टप्प्याटप्प्याने येते. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरून खांद्यातून रेघ ओढतं. दोन-तीन वर्षांचं बोटं खाली करून धरतं, पण हलतो सगळा हात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांत पेन्सिल नीट बसते ती बहुतेकांची चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. साडेतीनच्या मुलीने पेन्सिल मुठीत धरली तर तिच्यात काही कमी नाही, तिचा हात तिच्या वयाचा आहे.

आता कणकेचा गोळा मळताना हाताचं काय होतं ते घरी करून बघा. तळहाताचा खालचा भाग दाबतो, खांदा आणि कोपर जोर लावतात, बोटं गोळा वळवतात. चिमटीने तुकडा तोडताना अंगठा आणि तर्जनी एकमेकींसमोर येतात. ओला फडका पिळताना दोन्ही हात उलट दिशांनी फिरतात. पुढे अक्षर काढायला लागणारी ताकद आणि बोटांचं वेगवेगळं हलणं याच कामांतून येतं. ज्या मुलांनी वर्षभर माती मळली, त्यांना पाचव्या वर्षी पेन्सिल दिली की ती कागद फाडत नाहीत आणि दोन ओळींत थकतही नाहीत. हे मी इतक्या मुलांत पाहिलं आहे की याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

मागे एका इंग्रजी शाळेत प्रवेशाच्या वेळी आमच्या बालवाडीतल्या मुलाला ए ते झेड लिहायला लावलं. मूल चार वर्षांचं होतं. त्याला जमलं नाही आणि आई रडत माझ्याकडे आली. त्याच मुलाने त्या महिन्यात विटांच्या तुकड्यांचा पाट बांधला होता. पाणी कुठून फुटतंय ते शोधून चिखलाने लिंपलं होतं. त्याला ते कोणी विचारलं नाही. मला अजून त्या गोष्टीचा राग येतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून, करून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे सरकारी कागदावरही आता ही गोष्ट आली आहे.

गणित-विज्ञानाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो पाण्याच्या घमेल्याशी बसल्यावर दिसतो. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं आणि एकातलं मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओतायचं. पाच वर्षांचं मूल बहुधा म्हणतं की उंच पेल्यात पाणी जास्त आहे. साधारण सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांना ते एवढंच आहे हे पटू लागतं. तोंडी सांगून हे पटत नाही. तांब्यातून बाटलीत, बाटलीतून वाटीत ओतून ओतून ती समज हळूहळू पक्की होते.

एका चार वर्षांच्या मुलाला मी अशीच तासभर पाहत होते. त्याच्याकडे तेलाची रिकामी बाटली आणि नरसाळं होतं. घमेलं ओट्यावर, बाटली खाली. नरसाळं बाटलीत बसत होतं, पण तांब्या उचलून ओतताना पाणी सांडत होतं. तो उठला, कुंपणाजवळच्या पपईचं पडलेलं पान आणलं आणि देठ मागितला. पपईचा देठ आतून पोकळ असतो. मी त्याचा चीक धुऊन, दोन्ही टोकं कापून दिली, कारण पपईच्या चिकाने कातडी चुरचुरते. त्याने देठाचं एक टोक घमेल्यात बुडवलं, दुसरं बाटलीत. पाणी येईना. मग घमेलं तिरपं केलं, भसकन सगळं सांडलं. तिसऱ्यांदा त्याने देठाच्या तोंडाशी नरसाळं धरायला मैत्रिणीला बसवलं आणि वरून वाटीने पाणी घातलं. बाटली भरली. दोघांनी ती परत घमेल्यात ओतली आणि पहिल्यापासून सुरू केलं. या तासाभरात मी एकच काम केलं, देठ कापून दिला.

याच्यासाठी काय काय सामान विकत आणावं लागेल?

काहीच नाही. बाजारात रंगीत वाळूचे डबे आणि सुगंधी क्ले मिळतात, ते आणू नका असं मी म्हणत नाही. पण खानदेशातल्या घराला त्याची गरज पडू नये, कारण वर्षभर आपल्या घरात हा खेळ कामाच्या रूपाने चालूच असतो. फक्त आपण मुलांना त्यातून उठवून लावतो.

उन्हाळा घ्या. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात, मग दळून, गाळून चीक काढतात. वरचं पाणी ओतल्यावर भांड्याच्या तळाशी जो पांढरा चीक बसतो ना, त्यातला वाटीभर मुलाला द्या. मुठीत घट्ट दाबला की तो टणक होतो, गोळा होईल असं वाटतं. मूठ सोडली की बोटांतून वाहून जातो. मोठी माणसंही यात गुंगतात. पिष्टाचे (स्टार्चचे) बारीक कण पाण्यात खच्चून बसलेले असतात. एकदम दाबलं की त्यांना एकमेकांवरून सरकायला वेळ मिळत नाही, हळू हलवलं तर मिळतो. परदेशातल्या बालवाड्यांत कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचं पिष्ट, कालवून हेच मुद्दाम तयार करतात, आपल्याकडे ते दर चैत्रात गच्चीवर तयार होतं. ज्वारीचे पापड थापताना एक लाटी, शेवया होताना एक मूठ, बिबडे (ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड) वाळत घालताना कपड्याचं एक टोक मुलाच्या हाती आलं की झालं.

श्रावणी अमावस्येला पोळा. ज्यांच्या दारात बैल नाही ते मातीचे बैल पुजतात, आणि ते मुलांनी केलेले का असू नयेत? यात आमची पहिल्या वर्षी मोठी चूक झाली. शेतातली नुसती काळी माती घेतली. मुलांनी दोन दिवस खपून बैल केले, शिंगांना झाडूच्या काड्या घातल्या. पोळ्याच्या सकाळी बघतो तर सगळ्यांना भेगा, निम्म्यांचे पाय गळालेले. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. गावातल्या कुंभारमावशींनी मग चाळलेली राख आणि नदीची बारीक वाळू मिसळायला, आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत वाळवायला सांगितलं. तेव्हापासून आम्ही दोन्ही प्रकारचे गोळे मुलांना देतो, नुसत्या मातीचा एक आणि राखेचा एक. दुसऱ्या दिवशी मुलं स्वतःच बघतात. "हाऊ फुटना, हाऊ नही फुटना" (हा फुटला, हा नाही फुटला), हे त्यांचं निरीक्षण मी कोणत्याही वर्कशीटपेक्षा मोलाचं मानते.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींचा भुलाबाईचा सण असतो, काही गावांत तिला गुलाबाई म्हणतात. तिची मूर्ती विकत आणली तरी शेजारी मुलांनी केलेला तिचा नवरा भुलोजी बसू द्या. थंडीत भरीत असतंच. पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेली वांगी पुरती निवाली की साल काढायला मुलांना बसवा. बोटं काळी होतात, साल निसटते, आतला गर मऊ लागतो, वास हाताला दिवसभर राहतो. हे सगळं एकाच वांग्यात मिळतं.

आणि केळी. केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की आत जाळीदार कप्पे दिसतात. तो हळदीच्या किंवा गेरूच्या पाण्यात बुडवून कागदावर दाबला की चंद्रकोरीच्या आकाराचा नक्षीदार ठसा उठतो. भेंडीचा उठतो तसाच, पण मोठा.

मातीत खेळून आजारी नाही का पडणार?

काळजी बरोबर आहे, म्हणून माती कोणती आणि हात कधी धुतले हे महत्त्वाचं.

जंतांची अंडी मातीत जातात ती माणसांच्या विष्ठेतून. आकडेकृमी (हुकवर्म) या जंताच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. म्हणून जिथे लोक उघड्यावर शौचाला जातात ती जागा, नाल्याचा काठ, उकिरडा, मांजर-कुत्री घाण करतात तो वाळूचा ढीग हे सगळं वर्ज्य. आम्ही माती माहितीच्या जागेतून आणतो, चाळतो, काचा-खिळे काढतो, पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवतो आणि रात्री झाकतो. खेळ झाला की साबणाने हात, नखं कापलेली. जंतनाशक गोळी अंगणवाडीत आणि शाळेत वर्षातून दोनदा मोफत देतात. ती चुकवू नका. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यावरच्यांना एक. तीन वर्षांखालच्यांना ती कुस्करून पाण्यातून द्यायची, मोठ्यांनी चावून खायची.

धनुर्वाताची लस झालेली असणं गरजेचं आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, १६ ते २४ महिन्यांचा बूस्टर आणि ५ ते ६ वर्षांचा दुसरा बूस्टर. हा दुसरा बूस्टर आपल्याकडे हमखास राहून जातो. कार्ड काढून आजच बघा.

आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या लेखांत वाचायला मिळत नाही पण आपल्याकडे सगळ्यांत आधी सांगायला हवी. कपाशीवर फवारणी झालेल्या शेतातली माती, फवारणीचा पंप धुतात ती जागा, औषधाचे रिकामे डबे आणि बाटल्या यांच्या जवळपासही मूल जाता कामा नये. औषधाचा डबा कितीही धुतला तरी तो खेळायला किंवा पाणी भरायला द्यायचा नाही. फवारून आलेल्या माणसाने आधी अंघोळ करावी, मग लेकराला उचलावं.

एवढं सांभाळलं तर मातीला घाबरायचं कारण नाही. फिनलंडमधला एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे काही पाळणाघरांच्या आवारात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली आणि तीन ते पाच वर्षांची मुलं २८ दिवस त्यात रोज खेळली. त्यांच्या कातडीवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित रक्तातल्या काही खुणांतही चांगला फरक दिसला. मुलं ७५ होती आणि काळ महिन्याभराचा, त्यामुळे "माती खेळा, आजार पळवा" एवढी उडी मी मारणार नाही.

माझा मुलगा माती खातो. त्याला मातीपासून लांबच ठेवू का?

वर्ष-दीड वर्षाचं मूल सगळंच तोंडात घालतं, तेव्हा त्याला मातीऐवजी उकडलेला बटाटा, पाणी द्या. पण दोन वर्षांपुढचं मूल शोधून शोधून माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर डॉक्टरांना दाखवा. अशा मुलांत बऱ्याचदा लोह कमी असतं, रक्त तपासावं लागतं. रागवून किंवा बोटाला कडू लावून ते थांबत नाही.

किती वयापासून सुरू करावं?

बसायला लागलेल्या बाळापासून. अट एकच, मोठं माणूस हाताच्या अंतरावर. तीन वर्षांखाली चिंचोके, हरभरे, मणी, गोट्या नकोत, कारण ते घशात अडकतात. त्यापुढच्या मुलांनाही कडधान्य देताना शेजारी बसा. नाकात घातलेला हरभरा ओलाव्याने फुगतो. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत जेलीचे मणी मुळीच आणू नका, गिळले तर ते आतड्यात फुगतात. घड्याळाचे, रिमोटचे चपटे सेल आणि चुना हे दोन्ही मुलांच्या हाताबाहेर. चुन्याने डोळा जाऊ शकतो.

पाण्याच्या भांड्याबद्दल मी फार कडक आहे. बादलीत वीतभर पाणी असलं तरी लहान मूल डोकं खाली जाऊन बुडू शकतं. खेळ संपला की बादली पालथी, मग बाकीचं आवरायचं.

आमच्याकडे अन्न म्हणजे देव. पिठाशी, धान्याशी खेळू द्यायचं हे मनाला पटत नाही.

मलाही पटत नाही. दुष्काळ पाहिलेल्या भागात तांदळाची परात भरून त्यात मुलांना गाड्या फिरवायला देणं माझ्या हातून होत नाही. आमच्याकडे नियम असा: पोटात जाणार असेल तर मनसोक्त हात घाला. मुलाने मळलेल्या कणकेची बट्टी वाकडी होईल, पण ती भाजून वरणाबरोबर त्याच्याच ताटात वाढायची. त्या दिवशी मूल वरणबट्टी दुप्पट खातं. फक्त कच्ची कणीक तोंडात जाऊ देऊ नका, कच्च्या पिठात जंतू असू शकतात. नुसत्या खेळासाठी किडकं पीठ, शेंगांची फोलपटं, मटाराची सालं, लाकडाचा भुसा, सरकी काढल्यावर उरलेला थोडा कापूस एवढं पुष्कळ झालं.

पाणी आठ दिवसांनी येतं. खेळायला कुठून देऊ?

एका मुलाला अर्धी बादली पुरते, आणि ती वाया जायची गरज नाही. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी खेळाला घ्या, खेळून झालं की तेच झाडाला. आम्ही उन्हाळ्यात पाण्याऐवजी कोरडा खेळ वाढवतो. चाळलेली राख, वाळू, चाळण्या, सूप. मुलांना पाखडायला फार आवडतं, वाऱ्याकडे पाठ करायची हे ती दुसऱ्याच दिवशी शिकतात.

आणि ऊन?

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. सकाळी नऊच्या आत बाहेरचा खेळ संपवा, नाही तर ओसरीवर किंवा निंबाखाली घ्या. बाहेर ठेवलेलं घमेलं आणि फरशी हात लावून बघितल्याशिवाय मुलाला बसवू नका.

आम्ही जळगावला फ्लॅटमध्ये राहतो. अंगण नाही, गच्चीला कुलूप.

मोरी आहे ना? अंघोळीच्या आधीचा अर्धा तास हा सगळ्यांत सोपा वेळ. मुलाला चड्डीवर मोरीत बसवा, दोन वाट्या, गाळणी, जुना टूथब्रश आणि मूठभर माती किंवा हळदीचं पाणी द्या. खेळला की तिथेच अंघोळ, पसारा तिथेच धुऊन निघतो. बाल्कनीत जुनं गोणपाट किंवा प्लास्टिकचं बारदान अंथरा आणि मोठ्या परातीत माती ठेवा. परातीला काठ असतो, म्हणून मुलालाही खेळाची हद्द कळते. रोज जमलं नाही तर आठवड्यातून दोनदा, पण घड्याळ न बघता.

मुलींना चिखलात पाठवायचं? कपडे, केस…

पाठवायचं. केस बांधून द्या, फ्रॉकऐवजी जुनी चड्डी-बनियन द्या. मुलग्याच्या चिखलाला "खेळतोय" आणि मुलीच्या चिखलाला "घाण करतेय" म्हणू नका.

कपड्यांचं म्हणाल तर काळी माती निघते, ती वाळली की झटका. केळीचा डाग मात्र निघत नाही, हे केळीवाल्या घरांना मी काय सांगू! केळीच्या खोडाशी, देठाशी खेळायच्या दिवशी टाकाऊ कपडेच.

माझं मूल हातच लावत नाही. चिखल दिसला की रडतं.

त्याला ओढू नका. त्याचे हात धरून चिखलात घालणं हे मी पाहिलं आहे, आणि त्यानंतर ते मूल महिनाभर त्या कोपऱ्याकडे फिरकलं नव्हतं. आधी कोरडं द्या, राख, कोरडी वाळू. मग चमचा, काडी, ब्रश, म्हणजे हात लांब राहतो. शेजारी ओला फडका ठेवा, हवा तेव्हा हात पुसता येतो एवढ्यानेच बरीच मुलं धीर धरतात. आमच्याकडे एक मुलगी जूनपासून पोळ्यापर्यंत नुसती बघत बसायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने एका बोटाने बैलाला डोळा केला, बोट पुसलं आणि दुसरा डोळा केला. दिवाळीनंतर ती गुडघाभर चिखलात होती.

मात्र मूल चिखलच नव्हे तर नवे कपडे, केस विंचरणं, बहुतेक अन्नाचे स्पर्श, मोठे आवाज यांनीही फार त्रस्त होत असेल, नजरेला नजर देत नसेल, बोलणं मागे असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी मोफत होते आणि जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी वेगळी केंद्रं आहेत. अंगणवाडीताईंना विचारा, त्या पुढचा रस्ता सांगतील.

मूल खेळत असताना मी काय करू?

शेजारी बसा आणि हात आवरा. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, मला स्वतःला जमायला काही वर्षं लागली. "असं नाही, असं कर" म्हणत आपण बैलाचं शिंग दुरुस्त केलं की तो बैल आपला होतो. "हे काय बनवलंस?" असंही लगेच विचारू नका, कदाचित ते काहीच नसेल, नुसतं थापणं असेल, आणि उत्तर द्यायचं म्हणून मूल "घर" म्हणून मोकळं होईल. दिसतं ते बोला. "पाणी इकडून गेलं." "हा गोळा मोठा झाला." मूल बोललं तर पुढे बोला, गप्प असेल तर गप्प बसा. फोटोसाठी थांबवू नका.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला आणि १९४५ पासून अनुताई वाघांबरोबर बोर्डीत, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालवाड्या चालवल्या. त्यांनी महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड घेतले आणि आंघोळ-स्वच्छतेपासून सगळं मुलांबरोबर केलं. आमच्यासारख्या गावातल्या बालवाड्या त्यांच्याच वाटेने चालल्या आहेत.

मोबाइल दिला की निदान एका जागी बसतो, पसारा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखाली बसून बघायचा पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. तुमची अडचण मला कळते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात माणूस नसतं. तेव्हा शेताच्या बांधावर सावलीत मातीचा ढीग आणि दोन वाट्या ठेवून बघा. जागा फवारणीपासून लांबची घ्या, आणि नजर टाकायला कोणीतरी हवंच.

सासूबाई म्हणतात, आमच्या मुलांनी असे खेळ केले नाहीत, तरी शिकली.

केले होते. त्याला कोणी "खेळ" म्हटलं नव्हतं, एवढंच. त्यांना विचारा की सडा घालताना, भुईमुगाच्या शेंगा फोडताना मुलं कुठे असायची. बहुतेक वेळा सासूबाईच पुढे बोलू लागतात. एका आजींना आम्ही बालवाडीत बोलावलं तर त्यांनी मुलांना मातीची चूल घालायला शिकवली, आणि त्या आता दर गुरुवारी येतात.

आवरायचं कोणी?

मुलाने, तुमच्याबरोबर. तीन वर्षांचं मूल वाट्या घमेल्यात टाकू शकतं, चारचं फडका पिळू शकतं, पाचचं झाडू शकतं. आवरणं शिक्षा म्हणून लावलं तर मूल पळतं. "चल, बैलांना सावलीत ठेवू" असं म्हटलं तर तेही खेळाचाच भाग होतं. वेळ संपायच्या थोडं आधी सांगून ठेवा. रंगात आलेल्या मुलाला एकदम उठवलं तर ते रडणारच, आपणही चिडलो असतो.

सोमवारपासून मुलगा येणार आहे. काय पाठवू?

जुने कपडे दोन जोड, एक पंचा, कापडी पिशवी (ओले कपडे घालायला, प्लास्टिकची नको), पाण्याची बाटली. नखं रविवारी कापा. लसीकरणाचं कार्ड पहिल्या दिवशी आणा. घरात राख निघत असेल तर डबाभर राख पाठवा, पोळा जवळ आला की आम्हाला लागते.